मोरकीवरचा घोडा : पारख आणि व्यवहार

(लाटंबार्से येथे भरलेल्या पशुपालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत गाई-म्हशींच्या निगेविषयी आपण पशुवैद्यक अधिकाऱ्यांकडून बरेच काही ऐकले. माझ्याकडे मात्र घोड्याचा विषय आला आहे. मी पशुवैद्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर असून प्रसिद्धीचे काम करतो. तेव्हा औषधोपचाराविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. घोड्याची खरेदी-विक्री कशी होते, तीत माणूस कोठे फसतो आणि आपल्याच परिसरात हा व्यवहार सचोटीने कसा होऊ शकेल, एवढेच मी सांगणार आहे.

लाटंबार्स्यासारख्या भातशेतीच्या आणि काजूच्या गावात घोड्याचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु घोडा आपल्याला परका नाही. डिचोली, पेडणे आणि सत्तरी या तालुक्यांत शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांच्या तालावर नाचणारे वीर आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या घोड्याचे दात पाहावे लागत नाहीत आणि त्याला चाराही लागत नाही. तथापि अलीकडे या भागातील काही तरुण खरा घोडा पाळू लागले आहेत. कोणाला हौस आहे, कोणाला प्रदर्शनात उतरावयाचे आहे, तर किनारपट्टीवरील हॉटेलांत होणाऱ्या लग्नांत वरातीसाठी घोड्याला मागणी असल्यामुळे कोणी तो धंदा म्हणून पाहतो. पैसे साठवून किंवा कर्ज काढून हे तरुण दूरच्या बाजारात जातात आणि दोन दिवसांत जनावर घेऊन परत येतात. त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द आहेत.

गोमंतकाचा आणि घोड्यांच्या व्यापाराचा संबंध फार जुना आहे. रेल्वे नव्हती, मोटारी नव्हत्या, त्या काळी दक्षिणेतील राजांचे बळ घोडदळावर मोजले जाई. हे घोडे अरबस्तान व इराणकडून, होर्मुझच्या बंदरातून जहाजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा घोड्यांचा हा व्यापार आपल्या हाती एकवटावा, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. घोड्यांची जहाजे गोव्यातच लागावीत असा त्यांनी दंडक घातला आणि त्या जकातीवर मोठे उत्पन्न मिळविले. १५४७ साली विजयनगरशी झालेल्या तहात गोव्यात उतरणारे घोडे कोणाला मिळावेत आणि कोणाला मिळू नयेत, हे कलमच घातले गेले. आदिलशहाला घोडे मिळू नयेत, ही विजयनगरची त्यामागची इच्छा होती.

फर्नाव नुनीझ नावाचा एक पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी सोळाव्या शतकात विजयनगरला राहत होता. त्याने लिहून ठेवलेली एक हकीकत मनोरंजक आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे राजा साळुव नरसिंह परदेशी घोडे एक हजार परदावांस तीन या भावाने घेई आणि जिवंत असोत वा मेलेले, त्यांची किंमत देई. जो घोडा समुद्रप्रवासात मरे, त्याची नुसती शेपटी आणून दाखविली तरी पैसे मिळत.

आपल्याला हसू येते. पण या हकीकतीत या व्यवहाराचे मर्म आहे. घोडा दुरून येणार, वाटेत त्याचे काय होईल हे सांगता येत नाही, आणि ती जोखीम सर्वस्वी घेणाऱ्याने सोसावयाची. राजाला ते परवडत होते. येथे चांगले घोडे पुरेसे पैदा होत नव्हते, म्हणून वर्षानुवर्षे संपत्ती बाहेर जात राहिली. तुम्हांआम्हांला मात्र शेपटीची किंमत मोजून चालणार नाही. आपल्याला घोडा हवा, आणि तो चारही पायांवर नीट उभा राहणारा हवा.

आता आजच्या बाजारांकडे वळू. घोड्यांच्या बाजारासाठी महाराष्ट्रात सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी हे गाव आहे. तेथील एकमुखी दत्ताच्या मंदिराची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि त्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथेही घोडे, गाढवे, उंट, गाईबैल यांचा मोठा बाजार असतो. अशा बाजारांत मारवाडी आणि काठेवाडी या दोन जातींचे घोडे विशेष दिसतात. आत वळलेले, टोकाला एकमेकांना भिडणारे कान ही दोन्ही जातींची खूण होय. आपल्या दख्खनचे म्हणावे असे घोडे म्हणजे भीमथडी. भीमा नदीच्या खोऱ्यातील ही काटक तट्टे मराठ्यांच्या घोडदळात होती आणि आजही धनगर बांधवांचे बिऱ्हाड पाठीवर वाहून नेतात. मात्र प्रदर्शनाच्या रिंगणात त्यांचा भाव उंच, डौलदार मारवाडी घोड्याइतका येत नाही.

प्रदर्शनात घोडा दोन प्रकारे पाहिला जातो. एक, त्यावर स्वार बसवून. दुसरा, पाठीवर खोगीर न घालता, नुसत्या मोरकीवर धरून. या दुसऱ्या प्रकारात परीक्षक घोडा बाजूने, समोरून आणि मागून न्याहाळतात. मग त्याला सरळ रेषेत चालवत नेतात, परत आणतात आणि दुडकीवर पळवून पाहतात. मानेची कमान, खांद्याची ठेवण, पाठीची लांबी, पायांची सरळता, चालीचा डौल या गोष्टी तेथे पाहिल्या जातात. मोरकीवरच्या घोड्याची किंमत त्याच्या रूपावर ठरते आणि म्हणूनच येथे डोळ्यांना भूल पडण्याचा धोका अधिक असतो.

यासंबंधी माझ्या घरातील एक गोष्ट सांगतो. माझे मामा दोडामार्गाकडचे, येथून हाकेच्या अंतरावरचे. त्यांना तरुणपणापासून घोड्याचे वेड. काही वर्षांपूर्वी काजूचे पीक चांगले आले, त्या वर्षी थोडे पैसे हाताशी आणि थोडे कर्ज असे करून ते घाटावरच्या एका बाजारात गेले. तेथे त्यांना एक पांढरीशुभ्र घोडी आवडली. हेडी गोडबोल्या होता. रुमालाखाली बोटे दाबून सौदा झाला. घोडी रिंगणात अशी चालली की पाहणाऱ्यांनी माना डोलावल्या. मामांनी त्याच संध्याकाळी तिला टेंपोत चढविली. दुसऱ्या दिवशी ती घरी उतरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुढचा उजवा पाय टेकीना. पशुवैद्यांनी पाहिले. पायाचा आजार जुना होता. बाजाराच्या दिवशी वेदना दाबणारे इंजेक्शन दिले असावे, असे त्यांचे मत पडले. मामांनी हेड्याला फोन लावला. फोन लागला नाही. कागद केलेला नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि हेड्याचे गाव कोणते हेही धड ठाऊक नव्हते. घोडी वरातीला कधीच उभी राहिली नाही. मामांनी तिला विकली नाही, कारण तसे करणे म्हणजे आपली फसवणूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे झाले असते. ती तीन वर्षे त्यांच्या मांगरात राहिली. कर्ज मात्र त्यांनी पाच वर्षे फेडले. एकदा मी विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, घोडी मी नीट बघितली होती. माणूस बघायचा राहिला.”

बंधूंनो, आज मला जे सांगावयाचे आहे ते मामांच्या या एका वाक्यात आले. घोड्याची पारख शिकता येते, आणि ती शिकावीच. परंतु पारख कितीही असली तरी दोन तासांत सर्व काही दिसत नाही. ज्याला आपण ओळखतो, जो उद्याही याच पंचक्रोशीत राहणार आहे आणि ज्याचे नाव गावात आहे, त्याच्याकडून घेतलेले जनावर हीच खरी सुरक्षित खरेदी होय.

प्रथम पारखीविषयी. घोडा पाहावयास जाल तेव्हा तो बाहेर काढून, खरारा करून, सजवून ठेवण्यापूर्वी, म्हणजे तबेल्यात बांधलेला असतानाच पाहा. तो चारही पायांवर सारखा भार देऊन उभा आहे काय? एक मागचा पाय आळीपाळीने सैल सोडणे हे विश्रांतीचे लक्षण आहे. परंतु पुढचा एक पाय सारखा पुढे टाकून ठेवणे ही दुखण्याची खूण आहे. तो गव्हाणीचे लाकूड चावून हवा गिळतो काय, किंवा एका जागी उभा राहून सारखा डोलतो काय, हेही पाहा. या खोडी एकदा लागल्या की सहसा जात नाहीत.

मग तोंड उघडून दात पाहा. घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा क्रम ठरलेला आहे. समोरच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी येते. पाच वर्षांचा घोडा पूर्ण दाती झाला असे समजतात. नव्या दाताच्या माथ्यावर काळसर खळगा असतो. खालच्या जबड्यात हे खळगे मधल्या जोडीत सुमारे सहाव्या, शेजारच्या जोडीत सातव्या आणि कडेच्या जोडीत आठव्या वर्षी झिजून नाहीसे होतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून एक उभी रेघ उमटू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. म्हातारा घोडा तरुण भासावा म्हणून दातांवर खोटे खळगे कोरण्याची लबाडी जगभर जुनी आहे. खळगा कोरता येतो. परंतु दातांचा तिरपेपणा आणि ती रेघ बदलता येत नाही. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.

त्यानंतर पाय. चारही खूर उचलून पाहा. समोरासमोरचे खूर आकाराने सारखे हवेत. तळव्यातील मऊ त्रिकोणी भाग कुजलेला नसावा, त्याला घाण वास येऊ नये, आणि खुराला हात लावला असता एक खूर दुसऱ्यापेक्षा गरम लागू नये. मग कठीण जमिनीवर, मोरकी सैल धरावयास सांगून, घोडा सरळ रेषेत दुडकीवर पळवून पाहा. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घेतो. धरणाऱ्याने मोरकी आखूड आणि घट्ट धरली असेल, तर ही डोक्याची हालचाल लपून राहते. तेव्हा “दोर सैल सोडा” असे म्हणावयास संकोच करू नका.

विश्रांतीच्या वेळी निरोगी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला सुमारे २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि अंगातील उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते. थोडे पळविल्यावर खोकला येतो काय आणि श्वास लवकर पूर्ववत होतो काय, हे पाहा. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, हेच सर्व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. औषधाचा अंमल उतरला की पाय बोलू लागतो. दूरच्या बाजारात हा दुसरा दिवस मिळत नाही. शेजारच्या गावात मात्र आठ दिवस पाहता येते.

रूपाविषयीही थोडे बोलले पाहिजे. पंचकल्याणी, अबलख, कुमैत, नुकरा अशा रंगांवर आणि गळ्यावरच्या देवमणासारख्या भोवऱ्यांवर आपल्याकडे भाव चढतो व उतरतो. अमुक ठिकाणी भोवरा असला तर घोडा धन्याला बाधतो, अशीही समजूत आहे. केसांच्या भोवऱ्याचा आणि घोड्याच्या प्रकृतीचा किंवा धन्याच्या भाग्याचा काही संबंध नाही. परंतु भोवरा निरुपयोगी नाही. प्रत्येक घोड्याचे भोवरे निराळे असल्यामुळे जगभर घोड्याच्या ओळखपत्रात त्यांची जागा नोंदवितात. तेव्हा भोवऱ्यावरून भाग्य पाहू नका, ओळख पटवा. नुकरा घोडा वरातीला शोभून दिसतो हे खरे. परंतु त्याची कातडी गुलाबी असल्यामुळे तिला ऊन लवकर बाधते, हेही हिशेबात धरा.

केवळ रूप पाहून निवड केली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे मोरकीवरच्या प्रदर्शनांना फार मोठे महत्त्व आहे. १९६९ साली जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा एक घोडा आपल्या पिळदार स्नायूंमुळे या प्रदर्शनांत अजिंक्य ठरला. त्याचे वंशज हवेत म्हणून लोकांची झुंबड उडाली आणि त्याची संतती हजारोंनी झाली. पुढे त्या संततीत एक विकार दिसू लागला. रक्तातील पोटॅशियम वाढून स्नायू थरथरत, घोडा कोलमडून पडे आणि प्रसंगी मरे. १९९२ साली या विकाराचे आनुवंशिक कारण सापडले आणि ते याच घोड्याच्या वंशातून आले असल्याचे निष्पन्न झाले. अखेर तेथील जातिनोंदणी संस्थेने २००७ पासून जन्मणाऱ्या ज्या शिंगरांना हा दोष आईबाप दोघांकडून आलेला असेल, त्यांची नोंदणी बंद केली. सबब, घोड्यावर बक्षिसाची फीत पाहून हुरळून जाऊ नये. त्याचे आईबाप, भावंडे आणि पूर्वीची संतती यांची चौकशी करावी. ही चौकशी परगावी होत नाही. ती गावातच होऊ शकते.

स्थानिक खरेदीच्या बाजूने आणखी एक सबळ कारण आहे, ते म्हणजे आपला पाऊस. राजस्थानच्या कोरड्या हवेत वाढलेला घोडा जूनमध्ये डिचोलीच्या पावसात येऊन पडला तर त्याच्यावर काय प्रसंग ओढवतो, हे समजून घ्या. घोडा अंग थंड ठेवतो ते घाम गाळून. उष्ण व दमट हवेत आणलेल्या काही घोड्यांचा घाम येणेच बंद होते. परदेशातून भारतात आणलेल्या घोड्यांत इंग्रजी अमदानीतच हा विकार नोंदला गेला आहे. सतत ओल राहिल्याने खूर कुजतात आणि पाठीच्या कातडीला खपल्या धरतात. पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा रक्ताचा आजार पसरतो. गुराढोरांच्या पोटात राहणाऱ्या एका जंताची पिल्ले डासांमार्फत घोड्याच्या अंगात शिरतात, वाट चुकून पाठीच्या कण्यापर्यंत जातात आणि घोड्याची कंबर लुळी पडते. याला कुमरी म्हणतात. आपल्याकडे भाताच्या मळ्याशेजारी गोठा असतो. त्याच गोठ्यात गाईंच्या शेजारी घोडा बांधण्याची चूक म्हणूनच करू नये. ज्या घोड्याने आपल्या भागातील दोन पावसाळे निरोगी काढले, त्याला मी तरी प्रदर्शनातील पदकापेक्षा अधिक मान देईन.

दूरवरून घोडा आणावयाचाच असेल, तर नियम पाळा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत आणि त्यांप्रमाणे जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा अत्यंत घातक संसर्गजन्य रोग आहे. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित घोड्याला कायद्याप्रमाणे मारावे लागते. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे. म्हणून बाहेरचा घोडा घेण्यापूर्वी त्याच्या रक्ताची तपासणी करवून घ्या. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात अशा तपासण्यांची सोय आहे, आणि नमुना कसा पाठवावयाचा हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येईल. नवा घोडा आणल्यावर त्याला काही दिवस इतर घोड्यांपासून निराळे बांधा.

आता विकणाऱ्यांसाठी. ज्यांच्याकडे घोडी आहे आणि शिंगरू होणार आहे, त्यांनी हे काम चिकाटीचे आहे हे ओळखून असावे. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू पाठीवर ओझे घेण्याजोगे होण्यास तीन वर्षे तरी लागतात. मात्र मोरकीची सवय पहिल्या काही आठवड्यांपासूनच लावावी. हात लावू देणे, पाय उचलू देणे, शेजारी चालणे एवढे ज्या शिंगराला येते, त्याचा भाव चांगला येतो, आणि परीक्षकासमोरही ते शांत उभे राहते. जन्मतारीख, आईबापांची नावे व जात, धनुर्वाताची लस, जंताची औषधे यांची वही ठेवा. वर्षाला दोन फोटो काढा, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. ग्राहक आला की घोड्याचा गुण सांगण्यापूर्वी दोष सांगा. दोष आपणहून सांगणाऱ्याच्या गुणांवर ग्राहक विश्वास ठेवतो. विकण्यासाठी घोडा अवाजवी लठ्ठ करू नका. चरबीने शरीराचे दोष झाकतात, पण त्याच चरबीचा भार पायांवर पडतो. घोडा रवंथ करीत नाही आणि त्याला उलटी होत नाही. खाण्यात अचानक बदल झाला तर पोटशूळ होऊन तो मरू शकतो. म्हणून विकलेल्या घोड्याबरोबर त्याच्या नेहमीच्या चाऱ्याच्या चार पेंढ्या आणि खाण्याचे वेळापत्रक देणे, ही सभ्य विकणाऱ्याची रीत असावी.

शेवटी कागदाविषयी. आपण शेजाऱ्याशी व्यवहार करतो तेव्हा कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आपल्याकडे मानतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कागद असला की शेजारधर्म टिकतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की, वस्तूच्या गुणाविषयी घेणाऱ्यानेच सावध असावे. मात्र विकणारा त्या मालाचा व्यापार करणारा असेल, घेणाऱ्याने आपल्याला वस्तू कशासाठी हवी ते त्याला सांगितलेले असेल आणि त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असलीच पाहिजे, अशी अट कायदा गृहीत धरतो. मग “मला वरातीसाठी घोडी हवी” हे नुसते तोंडाने का सांगावे? लिहूनच घ्या. एका पानावर एवढे पुरे : घोड्याचा रंग, पांढरे ठिपके, भोवऱ्यांच्या जागा, वय, उंची; विकणाऱ्याचे नाव व पत्ता; कशासाठी घेतला; किंमत किती व कशी दिली; ज्ञात दोष कोणते; आणि किती दिवसांच्या आत दोष आढळल्यास घोडा परत घ्यावयाचा. दोघांच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पैसे दिल्यानंतर कागद करू म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

घोडा घेण्याची किंमत एकदाच द्यावी लागते, पोसण्याची रोज. साधारण साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज सुमारे सात किलो सुका चारा-दाणा आणि वीस-पंचवीस लिटर किंवा उन्हाळ्यात त्याहूनही अधिक पाणी लागते. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर त्याचा निभाव लागत नाही. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी लागतो. हा हिशेब अगोदर मांडा. तो जमत नसेल तर शिगम्यातला लाकडी घोडा काही वाईट नाही.

आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांदेखत याच किनाऱ्यावर हजारो घोडे उतरले आणि घाट चढून गेले. त्या व्यापारात जकात घेणाऱ्यांची भरभराट झाली आणि दूरवरून घेणाऱ्याने शेपटीचेही पैसे मोजले. आज लाटंबार्से, दोडामार्ग आणि भोवतालच्या गावांतील घोडे पाळणारे मोजकेच असले, तरी ते एकमेकांना ओळखतात. त्यांनी वर्षातून एकदा एखाद्या मैदानावर आपली जनावरे मोरकीवर आणावीत, पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावीत, एकमेकांची शिंगरे पाहावीत आणि घ्यावीत-द्यावीत. त्यासाठी मोठ्या मांडवाची किंवा सत्कार-समारंभाची गरज नाही. आपल्यापैकी कोणी पुढाकार घेतला, तर त्याची वार्ता सर्वत्र पोहोचविण्याचे काम मी आनंदाने करीन, कारण ते माझे कामच आहे. माझे मामा आता थकले आहेत, पण अशा मैदानावर ते नक्की येतील, आणि घोड्याकडे पाहण्यापूर्वी दोर कोणाच्या हातात आहे ते पाहतील.